वर्षश्राद्धाची पेज

प्रतापसिंहरावांचा झब्बा खुर्चीवर टाकला, की तो खुर्चीत बसायचा. टाकलेलं कापड लोळतं हा सगळ्या जगाचा अनुभव, पण या झब्ब्याला लोळणं ठाऊकच नव्हतं. मांजलपूरच्या त्या सोसायटीतली पोरं त्यांना मागून 'कडक काका' म्हणायची आणि पुढून नमस्कार करून बाजूला व्हायची. आपले पणजोबा गायकवाडांच्या रिसाल्यात होते, हे ऐकवल्याशिवाय त्यांनी भाजीवाल्यालाही कधी सोडलं नाही. स्वतः जन्मभर वीज मंडळात फायली हलवल्या, ते मात्र कुणाला सांगायचे नाहीत. घोडा गेला, तलवार गेली, उरला तो ताठा. आणि खरं सांगायचं तर तोसुद्धा त्यांचा नव्हता, रखमाबाईंचा होता. रोज भाताची पेज गाळून, तिच्यात नीळ कालवून तो झब्बा त्याच उभा करायच्या.

रखमाबाईंच्या हाताला खळ फार छान साधलेली होती. गोधडीसाठी जुनी लुगडी काढली की आधी त्यांना पेजेत बुडवायच्या, सावलीत वाळवायच्या, थोडी दमट असतानाच इस्त्री फिरवायच्या. मऊ पडलेलं, विरलेलं कापड मग कात्रीखाली पळत नाही, कडेचे दोरे सुटत नाहीत, थरावर थर शहाण्यासारखे बसतात. शिवून झालं, की गोधडी तीन पाण्यांतून काढायची. पाणी पांढरं व्हायचं थांबलं म्हणजे खळ सुटली.

"कापडाला ताठा आपणच द्यायचा आणि अंगावर घ्यायच्या आधी आपणच काढायचा," त्या सुनेला सांगायच्या. "पुरुषांच्या झब्ब्याचं सोड. त्यांना तो दिवसरात्र लागतो."

ही सून म्हणजे स्नेहल. याच शहरातल्या अकोट्याची, कारभाऱ्यांच्या घराण्यातली. तिच्या माहेरी भात कुकरमध्ये व्हायचा आणि कपडे धोब्याकडे जायचे, त्यामुळे पेज म्हणजे आजारी माणसाचं खाणं एवढंच तिला ठाऊक होतं. रखमाबाईंनी तिला हाताला धरून सगळं शिकवलं. पेज मोरीत ओतायची नाही, हा त्यातला पहिला नियम. अन्न आहे ते, पोटात नाही गेलं तर कापडात जाऊ दे, म्हणायच्या.

घरात आणखी एक नियम होता, तो प्रतापसिंहरावांचा. नलिनीचं नाव घ्यायचं नाही.

नलिनी त्यांची धाकटी मुलगी. स्नेहलच्या लग्नानंतर वर्षभरातच तिनं पादरा गावच्या एका पटेलाच्या मुलाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून या घरापुरती ती मेली. तिला मुलगा झाल्याचं कुणाकडून तरी कळलं तेव्हा रखमाबाईंनी नवऱ्यासमोर पदर पसरला होता. "एकदा मांडीवर घेऊ द्या. नंतर पुन्हा नाव काढणार नाही." प्रतापसिंहरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. यशराज, म्हणजे स्नेहलचा नवरा, माणूस वाईट नव्हता, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. तोही गप्प बसला.

शेवटच्या आजारात रखमाबाईंची वाचा गेली. मग पडल्या पडल्या त्या उजव्या हाताने आपली मांडी थोपटत राहायच्या. थप, थप, थप. पाय दुखत असतील म्हणून यशराज मलम चोळायचा. स्नेहलला मात्र कळत होतं, की दुखणाऱ्या पायाला कुणी असं थोपटत नाही. असं पोराला झोपवताना थोपटतात. तिनं ते ओळखलं आणि मनातच ठेवलं.

दहाव्याला विश्वामित्रीच्या काठी पिंडाला कावळा शिवला नाही. यशराजनं हात जोडून सगळं कबूल केलं. आबांना अंतर देणार नाही, देव्हाऱ्यातले टाक पुजू, तुळस सुकू देणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून बघत राहिले. प्रतापसिंहराव हात मागे बांधून नदीकडे तोंड करून उभे होते, ते शेवटपर्यंत वळले नाहीत. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

वर्ष गेलं. मधल्या काळात स्नेहलला मुलगी झाली, आभा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं पोर, त्यामुळे तिच्या शिंकेनंसुद्धा स्नेहलच्या काळजात चर्र व्हायचं. आणि पोर भारी रडवं. दिवसा झोप नाही, रात्री झोप नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती तीन महिन्यांची होती.

त्या दिवशी स्नेहलकडून जे झालं त्याला चूक तरी कसं म्हणावं? पिंडाचा भात कुकरमध्ये चालत नाही म्हणून तिनं तो पातेल्यात घातला, सवय नसल्यामुळे पाणी जास्त पडलं, म्हणून तिनं भात वेळला, वरचं पाणी गाळून काढलं. गरम, दाट, दुधासारखी पेज निघाली. ती मोरीत ओतायची नाही, हे तर सासूनंच शिकवलेलं. आभासाठी रखमाबाईंच्याच लुगड्यांची गोधडी करायची, हे तिनं कधीपासून मनात धरलं होतं. तिनं ती पेज झाकून ठेवली.

त्याही दिवशी गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या वाढीला कावळ्यानं चोच लावली नाही. संध्याकाळी मुंग्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं पेज सैल केली आणि तीन लुगडी तिच्यात बुडवली. उरलेल्या पेजेत सासऱ्यांचा झब्बा काढला. लुगडी वाळली, कापली गेली. कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत तिनं गोधडी पुरी केली आणि धुवायला बसली. पहिलं पाणी स्वच्छ निघालं. दुसरं, तिसरंही स्वच्छ. पांढरेपणाचं नाव नाही. आणि गोधडी मात्र हातात पुठ्ठ्यासारखी कडकच.

यशराजनं नुकतंच कपडे धुवायचं मशीन घेतलं होतं, त्याचा त्याला कोण अभिमान. "यात टाक, आईच्या लोखंडी पातळाचीसुद्धा साय होईल," तो म्हणाला. मशीनमधून गोधडी मऊ, पिळलेली निघाली. गच्चीवर वाळली तेव्हा पुन्हा कडक झाली होती, आणि या वेळी सपाट नव्हती. मध्ये खोलगट झाली होती. दोन बाजूंना दोन उंचवटे, मागे थोडी उभी चढलेली कड. मांडी घालून बसलेल्या बाईवर कापड टाकावं आणि बाईनं अलगद उठून जावं, तशी ती उभी होती.

स्नेहलनं गोधडी दाबून सपाट करायला पाहिली, ती पुन्हा वर आली. कंटाळून तिनं ती पलंगावर टाकली. दुपारी आभा किंचाळत होती, दूध उतू जात होतं, म्हणून तिनं क्षणभर पोरीला त्या खळग्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद करून वळते तो घरात सामसूम. आभा गप्प झाली होती. डोळे उघडे होते आणि ती हसत होती. छताकडे बघून नाही, त्याच्या बरंच खाली, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघून.

घरात आनंदीआनंद झाला. पोर झोपायला लागली! यशराज म्हणाला, "आईचे आशीर्वाद." शेजारच्या बेन येऊन बघून गेल्या, "केवी डाही दीकरी छे," किती शहाणी मुलगी, म्हणाल्या. आभा सकाळ-दुपार त्या गोधडीत पडून राहायची, तासन् तास, शहाण्यासारखी. उचललं की किंचाळायची, ठेवलं की हसायची.

फक्त ती दूध पिईना.

आधी वाटलं, सर्दी असेल. स्नेहलनं छातीशी घेतलं की आभा तोंड फिरवायची, पोट भरलेल्या मुलासारखी. स्नेहलचा पदर भिजून जायचा, छाती दगडासारखी दुखायची आणि पोर शांतपणे भिंतीकडे बघत राहायची. तिच्या ओठांच्या कडांना काहीतरी पांढरं वाळून बसलेलं असायचं. स्नेहलनं ते बोटानं पुसून नाकाशी नेलं. पेजेचा वास होता. दूध नव्हे, बाटली नव्हे, गरम भाताची पेज.

डॉक्टरांनी वजन केलं आणि कपाळाला आठी घातली. पोर खेळतेय, हसतेय, पण उतरत चाललीय. डबाबंद दूध लिहून दिलं. आभानं त्याच्याकडेही पाठ फिरवली.

स्नेहल दुपारभर पलंगाशेजारी बसून राहायला लागली. बाहेर लख्ख ऊन, खाली पोरांचं क्रिकेट, समोरच्या घरात टीव्हीवर कुठली तरी मालिका. आणि इथे आभा त्या खळग्यात. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. खळगा आभाच्या मापाचा नव्हता. पोर त्याच्या एका कोपऱ्यात मावायची, उरलेली जागा कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी रिकामी असायची. मग तिनं आवाज ऐकला. थप, थप, थप. गोधडीची उजवीकडची सुटी कड हळूच वर होत होती आणि पोरीच्या कुशीवर पडत होती. पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

स्नेहल ओरडली नाही. तिनं आभाला झटकन उचललं, बाहेरच्या खोलीत नेलं आणि अकोट्याला आईला फोन लावला. विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खळ कसली घातली होतीस?"

स्नेहलनं सांगितलं.

"अगं, पिंडाचा भात कधी वेळतात का? त्यांचं जेवढं असतं तेवढं सगळं त्यांना द्यायचं असतं. आधीच उपाशी गेलेल्या त्या, आणि तू त्यांचा घास कापडात घातलास. जाळू नकोस हो ती गोधडी, काही करू नकोस. त्यांना काय हवंय ते दे."

काय हवंय, ते स्नेहलला दीड वर्षापासून ठाऊक होतं.

गॅलरीत प्रतापसिंहराव बसले होते. त्यांचंही हल्ली काहीतरी बिनसलं होतं. रोज धुतलेला झब्बा मागणारा हा माणूस श्राद्धानंतर एकच झब्बा घालत होता. धुवायला मागितला तर म्हणायचा, "राहू दे." खुर्चीत टेकून न बसता ताठ बसायचा, मान वळवायचा नाही. मागून, दोन्ही खांद्यांवर, झब्ब्याला चुण्या पडल्या होत्या, एकेका बाजूला चार-पाच, मध्याकडे ओढलेल्या.

"आबा, मी जरा बाहेर जाऊन येते," स्नेहल म्हणाली. "आभाला नेतेय."

"आणि ती गोधडी?"

"तीही."

त्यांनी कुठे, म्हणून विचारलं नाही.

पादऱ्याच्या बसमध्ये गोधडी घडी व्हायला तयार नव्हती. ती मांडीवर उभी धरून, काखेत पोर घेऊन स्नेहल बसली. "बेन, आ फर्निचरनी पण टिकिट लेवी पडशे," कंडक्टर म्हणाला आणि सगळी बस हसली. जवळ आल्यावर त्यानं एकदा गोधडीकडे नीट पाहिलं, आणि मग पुन्हा त्या बाजूला आला नाही.

नलिनी ओटल्यावर तुवेरीच्या शेंगा सोलत बसली होती. अंगानं भरली होती, साडी गुजराती वळणाची, पण हनुवटी थेट रखमाबाईंची. वहिनीला पाहून तिच्या हातातली शेंग पडली.

"वहिनी! बेस ना. कोण... आबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत, नलूताई." एवढ्या वर्षांनी यायचं, तेही हे असलं घेऊन. स्नेहलनं गोधडी ओटल्यावर ठेवली. "आईंच्या लुगड्यांची आहे. तुझा मुलगा कुठाय?"

मुलगा दारातच उभा होता. अनुप, चार वर्षांचा, हातात अर्धा बिस्किटाचा तुकडा. त्यानं गोधडीकडे पाहिलं आणि कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही, तो सरळ येऊन तिच्यात बसला. बरोबर बसला. दोन्ही उंचवट्यांच्या मध्ये, मागच्या कडेला पाठ टेकून, कुठे बोटभर जागा उरली नाही.

"मम्मी," तो वर बघत म्हणाला, "आ तो गरम छे."

गोधडीची उजवी कड उचलली गेली. थप, थप, थप. नलिनीनं ते पाहिलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण पोराला उचलायला ती पुढे झाली नाही. ते थोपटणं तिच्या ओळखीचं होतं.

अनुपचे डोळे जड झाले. बिस्कीट हातातून निसटलं. आणि मग, पाण्यात बुडवल्यासारखी, ती गोधडी हळूहळू बसायला लागली. मागची कड खाली आली, उंचवटे ओसरले, कापड त्याच्या अंगाखाली मऊ पसरलं. ओटल्याच्या फरशीवर पांढरी पूड पडली होती. काखेतली आभा एकदम किंचाळली, भुकेनं, गल्ली दणाणून सोडेल अशी. स्नेहलनं तिथेच भिंतीकडे तोंड करून तिला पदराखाली घेतलं, आणि पोर अशी तुटून पडली की स्नेहलला रडू आवरेना.

"आई शेवटी काही बोलली?" नलिनीनं विचारलं.

"वाचा गेली होती. मांडी थोपटत होत्या." तिनं डोळे पुसले. "मला कळत होतं, नलूताई. मी बोलले नाही."

नलिनी पोराशेजारी गोधडीवर आडवी झाली आणि कापडात तोंड खुपसून तिनं हंबरडा फोडला. गोधडी परत मागायचा प्रश्नच नव्हता.

स्नेहल घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रतापसिंहराव गॅलरीत तसेच बसले होते, पाठ ताठ.

"गोधडी?"

"पादऱ्याला राहिली."

तिनं आभाला आत पलंगावर ठेवलं आणि ती परत गॅलरीत आली. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पोरगा मावला?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हा झब्बाही त्याच पेजेतला ना?" ते म्हणाले. "श्राद्धाच्या दुसऱ्या दिवसापासून मागून धरलंय तिनं मला. दोन्ही हातांनी. सगळ्या संसारात तिला असं कधी धरता आलं नाही, सूनबाई. मीच धरू दिलं नाही."

"मग त्यांना काय हवंय ते..."

"नदीवरच कळलं होतं. एक नाव घ्यायचं होतं. तेव्हा ताठ्यापायी घेतलं नाही. आणि आता घेतलं, तर सोडून जाईल ती."

स्नेहलच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसासमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "माझी पोर उतरत होती, आबा! डोळ्यांसमोर दिसत होतं तुम्हाला!"

"दिसत होतं."

"घ्या नाव."

आत आभा खेळत होती, तिचे हुंकार ऐकू येत होते. प्रतापसिंहरावांनी गळ्याचं बटण चाचपून पाहिलं. मग उजवा हात उचलून आपल्या डाव्या खांद्यावर, त्या चुण्यांवर ठेवला, दुसऱ्या कुणाच्या हातावर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"नलू," ते म्हणाले. "नलू, बाळा."

आधी कॉलर पडली. मग बाह्या, मग पाठ. चुण्या एकेक करून उलगडल्या आणि झब्बा त्यांच्या अंगावरून ओघळत खाली बसला, त्याच्या आतला म्हातारा किती लहान होता ते तेव्हा कुठे दिसलं. त्यांचा हात खांद्यावरच होता, आता नुसत्या हाडावर.

"सूनबाई," ते म्हणाले, "थंडी वाजतेय गं."